आस्कंद : मुळी गुणाची, पण जपून

रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा दिवसा डोळ्याला डोळा लागत नाही. मग कोणीतरी सांगते, अश्वगंधा घ्या, घोड्याची ताकद येईल. मोबाइलवरच्या जाहिरातीही तेच सांगतात. यात घरखर्चातला पैसा जातो, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

खेड्यांत हिला आस्कंद किंवा ढोरगुंज म्हणतात. वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या कुळातले हे कमरेएवढे झुडूप. (धोत्राही याच कुळातला!) पानांवर पांढरट लव आणि कागदासारख्या वेष्टनात लहानसे लाल फळ असते. ताज्या मुळीला घोड्यासारखा वास येतो, म्हणून नाव अश्वगंधा. म्हणजे नाव वासाचे, ताकदीचे नव्हे. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे पावसाळ्यात हिची पेरणी होते आणि पाच-सहा महिन्यांनी मुळ्या काढून वाळवतात.

मुळीचे चूर्ण दुधातून देण्याची चाल जुनी आहे. अलीकडच्या चाचण्यांत मुळीच्या अर्काने मनाचा ताण थोडा कमी झाला, झोप थोडी सुधारली, असे दिसले. मात्र या चाचण्या थोड्या माणसांवर आणि बहुधा दोन-तीन महिन्यांच्या आतल्या आहेत. वर्षानुवर्षे घेतल्यास काय होते, हे त्यावरून ठरत नाही. कर्करोगाबद्दलचा दावा तर साफ फसवा आहे. या झाडातल्या विथाफेरिन नावाच्या द्रव्याने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मेल्या, पण काचेच्या बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. त्या भरवशावर इस्पितळातला उपचार सोडणे म्हणजे जीव गमावणे.

झाडपाला अपाय करीत नाही, हाही गैरसमजच. आइसलंड व अमेरिकेतल्या पाच जणांना अश्वगंधेच्या गोळ्यांनंतर कावीळ झाल्याचे 2020 साली डॉक्टरांनी नोंदवले. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्या आयुष मंत्रालयानेही 2021 मध्ये औषध कंपन्यांना बजावले की मुळीच वापरा, पाने नकोत. तेव्हा डबीवर 'मूळ' लिहिले आहे का, ते मुलांकडून वाचून घ्या.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी आस्कंद घेऊ नये. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अंगाला खाज सुटली, तर डबी तिथेच बंद करावी आणि ती सोबत घेऊन सरकारी दवाखाना गाठावा.