वनस्पतींची लोकनामे आणि पदवी-विद्यार्थ्यांचे संशोधन

महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत पदवीच्या विद्यार्थ्यांकडून जे संशोधन-प्रकल्प करवून घेतले जातात, त्यांत परिसरातील वनस्पतींची यादी सिद्ध करणे हा प्रकार विशेष रूढ आहे. अशा यादीचे रकाने ठरलेले असतात: शास्त्रीय नाव, कुल, स्थानिक नाव आणि उपयोग. यांपैकी पहिल्या दोन रकान्यांची तपासणी मार्गदर्शक काटेकोरपणे करतात. तिसरा रकाना मात्र बहुधा शोभेपुरता राहतो. तो एखाद्या जुन्या ग्रंथावरून किंवा आदल्या वर्षीच्या प्रकल्पावरून भरला, तरी कोणी हरकत घेत नाही. वस्तुतः पदवीच्या विद्यार्थ्याला खरोखर नवी भर घालता येईल, असा रकाना हाच होय. सह्याद्रीतील एखाद्या परिचित वृक्षाचे कुल नव्याने निश्चित करण्याचे काम त्याच्या वाट्यास येण्याचा संभव थोडा. परंतु त्याच वृक्षाला आपल्या आजोळच्या वाडीत काय म्हणतात, हे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणी टिपून ठेवलेले नसण्याचा संभव पुष्कळ.

या प्रश्नाला आज विशेष महत्त्व आले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्यास अनुसरून आखलेल्या पदवी-अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प व संशोधनप्रकल्प यांना श्रेयांक मिळू लागले. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनाची शाखा निवडण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात आहे. म्हणजे पूर्वी जे काम हौसेने होत असे, ते आता मोठ्या संख्येने व नेमाने होणार. ते नकलेचे होते की निरीक्षणाचे, यावर त्याचे मोल अवलंबून राहील.

शास्त्रीय नाव व लोकनाम यांची कार्ये भिन्न आहेत. लिनीयसच्या १७५३ मधील ग्रंथापासून वनस्पतींच्या द्विपद नामांची गणना केली जाते. एका वनस्पतीस एकच ग्राह्य नाव असावे आणि ते जगभर एकच असावे, हा या पद्धतीचा हेतू. परंतु 'एकच' म्हणजे 'कायमचे' नव्हे. शास्त्रीय नाव हे वर्गीकरणाचे विधानही असते, आणि वर्गीकरण सुधारले की नावही बदलते. बाभळीचे उदाहरण बोलके आहे. तिला दीर्घकाळ अकेशिया निलोटिका म्हणत. अकेशिया या विशाल प्रजातीचे विभाजन करावे लागले, तेव्हा ते नाव ऑस्ट्रेलियातील जातींच्या गटाकडे ठेवण्याचा निर्णय २००५ च्या व्हिएन्ना येथील अधिवेशनात झाला व २०११ मध्ये मेलबर्न येथे तो कायम राहिला. परिणामी आपली बाभूळ व्हॅकेलिया निलोटिका झाली आणि खैर सेनेगालिया या प्रजातीत गेला. 'बाभूळ' हा शब्द मात्र संस्कृत 'बब्बूल' या रूपाशी नाते सांगत जिथल्या तिथे आहे. यावरून लोकनाम अधिक शास्त्रीय ठरत नाही; परंतु ते अस्थिर असते आणि म्हणून अभ्यासास अपात्र ठरते, हा समज तेवढा दूर व्हावा.

लोकनामांचा गोंधळ म्हणून ज्याचा उल्लेख केला जातो, त्याचे नीट पृथक्करण केल्यास त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी आढळतात.

पहिली गोष्ट, एकाच वनस्पतीस प्रदेशपरत्वे खरोखरच भिन्न शब्द असणे. पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या ज्या रोपाच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, त्यास कोकणात टाकळा म्हणतात, तर विदर्भात तरोटा. दुसरी गोष्ट, शब्द एकच असून उच्चार भिन्न असणे. वऱ्हाडी बोलीत 'काळा' याचे 'काया' व 'डोळा' याचे 'डोया' होते. तोच ध्वनिनियम वनस्पतींच्या नावांनाही लागू पडतो. टाकळा व तरोटा ही दोन नावे होत. परंतु ज्यांत केवळ ळकाराचा यकार झाला आहे, अशी दोन रूपे ही दोन नावे नव्हेत. हा भेद न केल्यास प्रकल्पातील नावांची संख्या फुगते आणि निष्कर्ष फसवे निघतात. तिसरी गोष्ट, वनस्पतीच्या निरनिराळ्या अंगांना निरनिराळी नावे असणे. गार्सिनिया इंडिका या वृक्षाच्या फळास रातांबा म्हणतात, त्याच्या वाळविलेल्या सालीस आमसूल किंवा सोल म्हणतात, आणि कोकम हे नाव कधी वृक्षाचे तर कधी सालीचे असते. 'स्थानिक नावे: कोकम, रातांबा, आमसूल' असे एका ओळीत लिहिणारा विद्यार्थी तीन वेगळ्या वस्तूंना एकाच दावणीला बांधतो.

याच्या उलट प्रकार म्हणजे एका नावाखाली अनेक वनस्पती असणे. कोकणात जाम म्हणतात ते जांभळाच्या प्रजातीतील एक फळ. विदर्भ-मराठवाड्यात मात्र जाम किंवा जांब म्हणजे पेरू. अशा ठिकाणी झालेली चूक निरुपद्रवी असते. औषधी वनस्पतींच्या बाबतीत तसे नाही. ब्राह्मी म्हणून काही ठिकाणी बाकोपा मोनिएरी दिली जाते, तर महाराष्ट्रात पुष्कळदा सेंटेला एशियाटिका; ही दुसरी वनस्पती ग्रंथांत मंडूकपर्णी म्हणून निराळी सांगितली आहे. शंखपुष्पी या नावाखाली तर चार निरनिराळ्या प्रजातींतील वनस्पती वापरात आहेत आणि त्यांत केरळातील गोकर्णीचाही समावेश होतो. 'शंखपुष्पी स्मरणशक्तीवर गुणकारी, असे गावकरी सांगतात' हे वाक्य कोणत्या वनस्पतीविषयी आहे, हे नमुना जवळ नसेल तर कोणीच सांगू शकत नाही. असे वाक्य छापले गेले की ते पुढच्या प्रकल्पात आधार म्हणून येते व चूक प्रमाण होऊन बसते.

लोकनामांची घडण पाहिली तर तीत निश्चित व्यवस्था दिसते. मूळ शब्दाला विशेषण जोडून उपप्रकार दाखविण्याची पद्धत मराठीत फार प्रचलित आहे: रानहळद, रानकेळ, काटेमाठ, काटेसावर, भुईआवळी, भुईचाफा, विलायती चिंच. ब्रेंट बर्लिन व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार लोकवर्गीकरणात एक मूलभूत पातळी असते, तिची नावे साधी व एकपदी असतात, आणि तिच्या खालच्या पातळीवरील नावे बहुधा अशी जोडून बनतात. मराठी सामग्रीने हा सिद्धांत पारखून पाहण्याजोगा आहे. कारण भुईआवळीची पाने आवळ्यासारखी दिसतात म्हणून लोकांनी तिला आवळ्याशी जोडले, आणि आधुनिक वनस्पतिशास्त्रही त्या दोहोंना फायलँथस या एकाच प्रजातीत ठेवते. भुईचाफ्याची गोष्ट निराळी. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुलातील, हिरवा चाफा सीताफळाच्या कुलातील, देवचाफा कण्हेरीच्या कुलातील आणि भुईचाफा हळदीच्या कुलातील आहे. यांना एकत्र आणणारा धागा नात्याचा नसून मुख्यतः सुवासाचा व फुलाचा आहे. देवचाफा तर मूळचा अमेरिका खंडातील; तो येथे आला तेव्हा 'चंपक' शब्दापासून आलेले जुने नाव त्याच्यापर्यंत पसरले. सारांश, 'भुई-' हे पद तेच असूनही एका नावात ते नात्याचे निरीक्षण आहे, तर दुसऱ्यात केवळ सादृश्याचे. कोणते नाव कोणत्या प्रकारचे, याचा निर्णय भाषाशास्त्रज्ञ एकट्याने करू शकत नाही, आणि वनस्पतिशास्त्रज्ञही एकट्याने करू शकत नाही.

नावांत इतिहासही साठलेला असतो. उंबर, पिंपळ, चिंच, कुडा, हिरडा, बेहडा हे शब्द उदुंबर, पिप्पल, चिंचा, कुटज, हरीतक व बिभीतक यांपासून प्राकृताच्या वाटेने आले. अननस, पपई, काजू, बटाटा ही नावे त्या त्या वनस्पतींसह पोर्तुगीजांकडून आली. नाव घडण्याची क्रिया अलीकडच्या काळातही पाहावयास मिळते. पार्थेनियम हिस्टेरोफोरस या अमेरिकन तणाची लक्ष वेधणारी नोंद पुण्यातील नमुन्यांवरून १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर थोड्याच दशकांत त्यास गाजरगवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी अशी नावे मिळाली. पहिले नाव पानांच्या आकारावरून पडले, हे उघड आहे. यांतील कोणते नाव कोणत्या तालुक्यात चालते आणि त्यांच्या सीमा कोठे आहेत, हा एका पदवी-विद्यार्थ्याला एका वर्षात पुरा करता येईल असा विषय आहे.

नावाचा अर्थ विचारताना मात्र सावधगिरी हवी. कळलावी ही वेल याचे उत्तम उदाहरण आहे. प्रसूतीच्या कळा सुरू करण्यासाठी तिचा कंद वापरीत, म्हणून ती कळलावी, असे एक स्पष्टीकरण मिळते; ती घरात लावली तर भांडणे लागतात, म्हणून कळलावी, असे दुसरे. 'कळ' या शब्दाच्या दोन्ही अर्थांना मराठीत जागा असल्याने दोन्ही कथा बोलणाऱ्याला पटतात. विद्यार्थ्याने त्या दोन्ही लिहून घ्याव्यात, परंतु त्यांना व्युत्पत्ती न म्हणता लोकव्युत्पत्ती म्हणावे. तिचा कंद विषारी असून त्यात कोल्चिसीन असते, हेही त्याच नोंदीत आले पाहिजे. उपयोगाची माहिती देताना अपायाची माहिती गाळणे हा शास्त्रीय दोष तर आहेच, शिवाय तो जिवावर बेतू शकतो.

या विवेचनावरून कार्यपद्धतीविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. नाव विचारताना वनस्पती समोर जिवंत असावी. चित्रावरून किंवा वाळलेल्या फांदीवरून मिळालेले उत्तर भरवशाचे नसते. 'याला टाकळा म्हणतात ना?' असा प्रश्न करू नये, कारण पाहुण्याच्या शब्दास होकार देणे हा सौजन्याचा भाग असतो. एकाच वनस्पतीविषयी अनेकांना स्वतंत्रपणे विचारावे, आणि उत्तरे जुळली नाहीत तर बहुमताने निकाल न लावता सर्व उत्तरे नोंदवावीत. गुराखी, वैदू, भाजी विकणारी बाई व शाळकरी मुलगा यांच्या उत्तरांतील फरक हीच पुष्कळदा संशोधनाची सामग्री असते. सांगणाऱ्याची भाषा लिहिणे अवश्य आहे. महाराष्ट्राच्या डोंगराळ भागांत गोंडी, कोरकू, भिल्ली, वारली, कातकरी बोलणारे लोक आहेत. त्यांनी दिलेला शब्द मराठी असेलच असे नाही, आणि कोरकू तर ऑस्ट्रो-आशियाई कुलातील भाषा आहे. प्रत्येक नावामागे क्रमांक दिलेला वनस्पतीचा नमुना असावा. पुणे येथील भारतीय वनस्पति-सर्वेक्षणाचे पश्चिम केंद्र व आघारकर संशोधन संस्था, तसेच मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रह यांसारख्या ठिकाणी नमुने पडताळून पाहण्याची सोय आहे.

लेखनाचा प्रश्नही क्षुल्लक नाही. इंग्रजी अमदानीतील वनस्पतिग्रंथांत मराठी नावे रोमन लिपीत छापली गेली. खुणांवाचून लिहिलेल्या रोमन लिपीत ट व त, ड व द, ण व न, ळ व ल यांतील भेद पुसला जातो. पुढे ती नावे पुन्हा देवनागरीत उतरविताना लिहिणाऱ्याने अंदाज केला, तर कुडा याचा कुदा होऊ शकतो आणि कोणाच्याही तोंडी नसलेले नाव यादीत कायमचे वस्तीस येते. देवनागरीलाही मर्यादा आहेत. 'जग' म्हणजे विश्व व 'जग' म्हणजे जिवंत राहा, या दोन शब्दांतील जकार निराळे असूनही लेखन एकच होते. म्हणून नाव ऐकले तसे देवनागरीत लिहावे, शुद्ध करू नये, आणि शक्य तर सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचा उच्चार ध्वनिमुद्रित करावा.

संमतीचा मुद्दा केवळ शिष्टाचाराचा नाही. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यानुसार स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या असावयाच्या असून, लोकजैवविविधता नोंदवही सिद्ध करणे हे त्यांचे एक प्रमुख काम आहे. स्थानिक ज्ञान हे ते सांगणाऱ्या समाजाचे असते, हे तत्त्व त्यामागे आहे. विद्यार्थ्याने गोळा केलेली नावे व उपयोग गावाच्या नोंदवहीस उपयोगी पडावेत, आणि प्रकल्पाची एक प्रत गावाकडे परत जावी, ही अपेक्षा रास्त आहे. ज्यांनी शब्द दिले, त्यांना तो कागद कधीच दिसू नये, हे न्याय्य नव्हे.

दोनशे वनस्पतींची यादी चाळीस पानांत बसविण्यापेक्षा वीस वनस्पती, एक गाव व दहा बोलणारे एवढीच मर्यादा घेतलेला प्रकल्प शास्त्राच्या दृष्टीने अधिक मोलाचा ठरेल. वनस्पती नष्ट झाल्याची वार्ता निदान होते. नाव नाहीसे झाल्याची होत नाही. रानभाजी रानात उगवत राहते, परंतु ती ओळखून नावाने हाक मारणारी शेवटची व्यक्ती गेली की त्या गावापुरती ती केवळ गवत होते. तो शब्द वेळीच, अचूक व नमुन्यासह टिपून ठेवणे पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे, आणि त्याची परीक्षा घेणाऱ्यांनी तिसऱ्या रकान्याकडे पहिल्याइतक्याच कठोर दृष्टीने पाहिले, तर ते घडून येईल.