ओढ्याचा वाटा

आमच्या गावच्या घरामागे आड आहे आणि आडापासून शंभरेक पावलांवर ओढा. माझ्या लहानपणी शिमग्यालाही ओढ्याच्या डोहात पोरे डुंबत. आता दिवाळी सरते न सरते तोच धार तुटते. आडाला मात्र मार्चपर्यंत पाणी असते. त्यामुळे 'आपल्याकडे टंचाई नाही' असे गाव समाधानाने म्हणते.

मी पेशाने हिशेबनीस. भूगर्भशास्त्र कॉलेजात शिकलो नाही; भूजल खात्याचे अहवाल वाचत आणि जाणकारांना प्रश्न विचारत जमेल तसे शिकलो. गेली नऊ वर्षे दर पंधरा दिवसांनी दोरीला दगड बांधून आडाची पातळी मोजतो. ओढ्याची धार बारीक झाली, की फरशीपुलाच्या नळ्याखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते लिहितो. या वहीत एक गोष्ट दरवर्षी दिसते: आडातले पाणी ओढ्याच्या तळाच्या खाली गेले, की आठ-पंधरा दिवसांत धार बंद होते.

त्यात आश्चर्य नाही. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. पावसाळा संपल्यावर ओढ्यात वाहते ते याच साठ्याचे पाझरलेले पाणी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. ओढ्यालाही तेच लागू आहे. विहिरीचे पाणी आणि ओढ्याचे पाणी ही दोन पाणी नाहीतच.

अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ सी. व्ही. थाइस यांनी १९४० साली ही गोष्ट नेमकी मांडली. विहीर पाणी निर्माण करत नाही. ती आधी साठ्यातले पाणी घेते आणि पुढे बहुतेक ठिकाणी झऱ्या-ओढ्यांकडे निघालेले पाणी वाटेतच अडवते. जमिनीतले पाणी संथ सरकते, म्हणून परिणाम उशिरा दिसतो. विहीर जितकी लांब, तितका उशीर जास्त. पंप आज बंद केला, तरी ओढ्याची तूट काही काळ चालूच राहते. कारण आणि परिणाम यांत असे अंतर पडल्यामुळे गावात कोणी कोणाला जबाबदार धरत नाही.

सरकारी हिशेबात ओढा कुठे आहे, हे मी शोधू लागलो. भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या पद्धतीत वार्षिक पुनर्भरणातून ५ किंवा १० टक्के पाणी 'नैसर्गिक विसर्ग' म्हणून वजा होते. उरलेले सगळे वापरासाठी उपलब्ध धरले जाते. २०१५ च्या सुधारित पद्धतीत प्रवाहाची मोजमापे असतील तर ती घेण्याची सोय आहे. नसतील तिथे पुन्हा तेच ५ किंवा १० टक्के. उपलब्ध पाण्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असलेले क्षेत्र 'सुरक्षित' ठरते. म्हणजे ओढा दिवाळीला आटला, तरी कागदावर सगळे ठीक असू शकते. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे, तर भागीदाराचा वाटा आपण किरकोळ खर्चात टाकला आहे.

कायदे आहेत. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर निर्बंध आणला. २००९ च्या अधिनियमाने शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. दोन्हींचा रोख पिण्याच्या पाण्यावर आणि साठ्यावर आहे. ओढ्यात कोणत्या महिन्यापर्यंत किती धार राहावी, हा आकडा त्यांत नाही.

असा आकडा धरून चालणाऱ्या ठिकाणाचा शोध मला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यापर्यंत घेऊन गेला. तिथे १९४५ पासून घरगुती विहिरीला दिवसाला ५००० गॅलन, म्हणजे सुमारे १९ हजार लिटरपर्यंत परवाना लागत नाही. नद्यांसाठी मात्र किमान प्रवाह ठरवलेले आहेत, कारण त्यांवर सॅमन मासा जगतो. विहिरी वाढत गेल्या. २०१६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'हर्स्ट' खटल्यात सांगितले, की नव्या विहिरीमुळे नदीचा वाटा घटत नाही ना, हे घर बांधायला परवानगी देण्याआधी काउंटीने तपासावे. ग्रामीण भागातली घरबांधणी अडली. मग २०१८ च्या कायद्याने खोरेनिहाय आराखडे आले: वीस वर्षांत नव्या घरगुती विहिरी जेवढे पाणी खरोखर खर्ची घालतील, तेवढे त्या खोऱ्यातच भरून द्यायचे.

'खरोखर खर्ची' हा शब्द महत्त्वाचा. तिथे घरात वापरलेल्या पाण्यापैकी १० टक्केच गेले असे धरतात, कारण बाकीचे शोषखड्ड्यावाटे जमिनीत परतते. अंगणातल्या हिरवळीला घातलेल्या पाण्याचे ८० टक्के गेले असे धरतात. सगळे सुरळीत झाले असे नाही. नूकसॅक खोऱ्यात स्थानिक एकमत झाले नाही, तेव्हा २०२० साली राज्याने स्वतःच नियम केला.

तिथली हिरवळ वेगळी, आपला ऊस वेगळा. पण या हिशेबाने आमचा आड निर्दोष ठरतो. न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला जाते आणि बरेचसे मुरते. २००४ साली धाकट्या भावाने आणि मी ओढ्याकाठच्या शेतात नारळ फोडून घेतलेले बोअर निर्दोष ठरत नाही. कांद्याला दिलेले पाणी बहुतांशी हवेत जाते.

हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी राखतात आणि मग पिके ठरवतात. बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही, असा तिथे निर्बंध आहे. अशा ताळेबंदात आणखी एक ओळ हवी: ओढ्याचा वाटा. धार अमुक महिन्यापर्यंत चालली पाहिजे, असे ग्रामसभेने ठरवावे आणि त्यासाठी आधी काठालगतचा शेतीउपसा आवरावा, कारण त्याचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो.

हे भावाला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "दादा, ओढ्याला पाणी ठेवून आपल्याला काय मिळणार?" प्रश्न रास्त होता. आम्हाला थेट काही मिळणार नाही. पण खालच्या वाडीच्या पाणीयोजनेची विहीर याच ओढ्याच्या पात्रात आहे आणि तिथे मार्चपासून टँकर येतो. वही उघडून मी त्याला तारखा दाखवल्या. तो बराच वेळ पाने उलटत राहिला. यंदा उन्हाळी पीक एकच एकर करायचे ठरले आहे.