घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे

माझ्या थोरल्या बहिणीस आमवात जडला, त्यास आता अकरा वर्षे होतील. पहाटे उठल्यावर तास-दीड तास तिची बोटे मिटत नसत. दुधाचे पातेले सांडशीने उतरवणेही तिला दुष्कर होई. ‘जपून राहा, विश्रांती घे’ असा सल्ला चहूकडून मिळाला. परंतु तो देणाऱ्यांपैकी कोणीही तिच्या हातची कणीक, धुणे किंवा पाण्याची बादली काढून घेतली नाही. बंद झाले ते फक्त तिचे सकाळचे फिरणे!

वैद्यक ज्यास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणते, तो हा विकार उतारवयातील गुडघेदुखीहून भिन्न आहे. येथे शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच सांध्यांच्या आतील अस्तरावर उलटते. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने अधिक आढळतो आणि पुष्कळदा ऐन कर्त्या वयात गाठतो. कष्टाची सवय त्यापासून वाचवते असेही नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत तो ग्रामीण जनतेतही आढळला. सांध्यांची विकृती डोळ्यांस दिसते. पण हा दाह स्नायूही क्षीण करतो, हे सहसा ध्यानात येत नाही. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स त्यात भर घालतात. दक्षिण आशियाई स्त्रियांची स्नायूंची पुंजी युरोपीय स्त्रियांच्या तुलनेने मुळातच बेताची. त्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्याकडील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त. अशा शरीरास निव्वळ विश्रांती सांगणे म्हणजे तुटीच्या अंदाजपत्रकात उत्पन्नाची बाजूच पुसून टाकणे होय.

व्यायामाने सांधे अधिक झिजतील ही भीती स्वाभाविक आहे. तथापि ती सरसकट खरी नाही. नेदरलँड्समध्ये सुमारे तीनशे रुग्णांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून दोनदा कसून व्यायाम करणाऱ्यांची कार्यक्षमता वाढली, रोगाचा जोर मात्र वाढला नाही. ज्यांचे मोठे सांधे आधीच फार बिघडले होते, त्यांनी सावध राहावे एवढाच इशारा त्यातून निघाला. इंग्लंडमध्ये ४९० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या चाचणीत हातांच्या ताणाच्या व शक्तीच्या व्यायामांनी वर्षअखेर हातांची उपयुक्तता सुधारल्याचे दिसले. हे सारे औषधे चालू ठेवून, हे विसरता कामा नये. व्यायाम औषधांची जागा घेत नाही.

येथे हमखास प्रश्न येतो : ‘दिवसभर घरात राबते, आणखी व्यायाम कशाला?’ अर्थशास्त्राच्या भाषेत याचे उत्तर सोपे आहे. यंत्र चालले म्हणजे त्याची क्षमता वाढते असे नाही. चालण्याने घसारा होतो आणि क्षमता वाढते ती गुंतवणुकीने. पिळे घालताना तीच दुखरी मनगटे त्याच कोनात वाकतात, तेही थकवा पाहून नव्हे, तर घरच्यांच्या वेळापत्रकानुसार. व्यायामात भार मोजून घेता येतो, हळूहळू वाढवता येतो आणि मध्ये विसावा देता येतो. वाढ होते ती या क्रमानेच.

त्यासाठी खर्चिक साधने नकोत. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीवर तळवे टेकून अंग पुढे-मागे नेणे, मऊ स्पंज दाबणे, घोट्यास वाळूची छोटी पिशवी बांधून पाय सरळ करणे, एवढ्यावर आरंभ होतो. मूठ वळत नसेल तर वजन हातात न धरता मनगटास बांधावे. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, तर पुढच्या वेळी मात्रा कमी करावी. सांधे सुजून तापले असतील तेव्हा भार टाळून हलकी हालचाल तेवढी ठेवावी. मानेचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आरंभी फिजिओथेरपिस्टचे मार्गदर्शन सर्वांनीच घेणे इष्ट.

खरी टंचाई आहे ती वेळेची. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्चतात. ते काम करणारे पुरुष ९७. या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठेतरी आजारी बाईची अर्धी घटका अडकून पडली आहे. ती सोडवणे डॉक्टरांच्या हाती नाही.

बहिणीच्या घरी ती सुटली, तेव्हा भाचा कणीक मळू लागला होता आणि मेहुणे बादल्या भरू लागले होते. आज तिची बोटे पूर्ववत झालेली नाहीत, होणारही नाहीत. पण पातेले ती स्वतः उतरवते. आपल्या घरी अशी कोणी असेल, तर ‘जपून राहा’ म्हणण्यापूर्वी तिच्या हातची बादली आपण घ्यावी.