‘बरं चाली ऱ्हायनं’ म्हणणारा गरीब की सुखी?

धुळ्याकडच्या कोरडवाहू गावात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘बरं चाली ऱ्हायनं, भाऊ.’ हाच माणूस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यापुढे कंगाल असतो आणि मुलाच्या सोयरिकीत बागायतदार.

गैरसमज : लोक सरसकट खोटं सांगतात.

काही सांगतात. पिवळ्या रेशनकार्डाला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 15,000 रुपये! एवढ्यात वर्ष काढणारं घर दाखवा. मर्यादाच अशी असेल तर खरा आकडा लिहील कोण? पण खरी अडचण हिशेबाची आहे. कापूस विकला, त्यातून बियाणं-खताची उधारी फिटली, ज्वारी घरचीच. महिन्याची कमाई किती, हे त्या शेतकऱ्यालाच ठाऊक नसतं. म्हणून राष्ट्रीय नमुना पाहणीत गरिबी मोजण्यासाठी कमाई नव्हे, खर्च विचारतात. घरच्या ज्वारीचीही किंमत धरतात. तरी आठवण दगा देते. 1999-2000 च्या फेरीत खाण्याचा खर्च त्याच घरांना 7 दिवसांचा आणि 30 दिवसांचा असा दोन्ही विचारला. आकडे जुन्या फेऱ्यांशी जुळेनात, आणि गरिबी नेमकी किती घटली यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडले.

गैरसमज : ‘पोट भरतं’ म्हणाला, म्हणजे गरिबी सरली.

पाहणीत लोकांनीच दिलेल्या उत्तरांनुसार 1983 साली देशातले सुमारे 17 टक्के लोक दोन वेळच्या पुरेशा जेवणाला मुकलेल्या घरांत होते. 2004-05 पर्यंत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आलं. गंमत म्हणजे त्याच काळात माणशी उष्मांक घटले. अंगमेहनत कमी झाली, हे त्याचं एक कारण सांगतात. मला दुसरंही दिसतं: मिळेल त्यालाच माणूस पुरेसं म्हणू लागतो. शिवाय रावेरचा मजूर स्वतःला केळीच्या बागायतदाराशी ताडून पाहतो, साक्रीच्या पाड्यावरचा शेजाऱ्याशी. मजुरी सारखीच असली तरी पहिला ‘भागत नाही’ म्हणेल, दुसरा ‘भागतं’.

गैरसमज : मग विचारण्यात अर्थच नाही.

आहे, प्रश्न नेमका हवा. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात धुळे जिल्ह्यातले सुमारे एक तृतीयांश लोक बहुआयामी गरीब ठरले. तीही माहिती बहुतांशी लोकांना विचारूनच मिळालेली. पण ‘गरीब आहात का?’ असं कुणी विचारलं नव्हतं. चूल कशावर पेटते, शौचालय आहे का, मूल शाळेत जातं का, हे विचारलं होतं.

नमुना पाहणीवाला तुमच्या दारी आला तर बिनधास्त खरं सांगा. ती माहिती कायद्याने गोपनीय असते. तिच्यावरून कुणाचं रेशनकार्ड रद्द होत नाही.