बहुमत कोणाचें ?

नृसिंहवाडीच्या घाटाशीं पंचगंगा कृष्णेस मिळते, आणि दोहींचें पाणी एकत्र होऊन पुढें जातें. मतांचा हिशेब मात्र निराळा आहे. ही वाडी ज्या हातकणंगले मतदारसंघांत मोडते, तेथें २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत श्री. धैर्यशील माने हे सुमारें ५ लाख २० हजार मतें मिळवून विजयी झाले. श्री. सत्यजित पाटील यांस सुमारें ५ लाख ७ हजार, व श्री. राजू शेट्टी यांस सुमारें १ लाख ८० हजार मतें पडलीं. म्हणजे मागें राहिलेल्या या दोघांचीं मतें विजयी उमेदवाराहून सुमारें १ लाख ६७ हजारांनीं अधिक भरतात.

यांत कायद्याचा भंग मुळींच झालेला नाहीं, व विजयी उमेदवारास दोष देण्याचेंही कारण नाहीं. आमचा आक्षेप नियमावर आहे. तिसऱ्या उमेदवाराच्या मतदारांस पहिल्या दोघांपैकीं कोण अधिक पसंत होता, हें कोणासच सांगतां येणार नाहीं. कारण त्यांस तो प्रश्न कोणी विचारलाच नाहीं!

हा दोष एका पक्षाच्या पदरीं घालतां येत नाहीं. १९७१ सालीं इंदिराबाईंच्या काँग्रेसला शेंकडा सुमारें ४४ मतांवर ३५२ जागा मिळाल्या. २०१४ सालीं भारतीय जनता पक्षास शेंकडा सुमारें ३१ मतांवर २८२ मिळाल्या. दोन्हीं वेळां सभागृहांत बहुमत होतें, मतदारांत नव्हतें.

मतांच्या प्रमाणांत जागा वांटल्यास पक्ष माजतील व मंत्रिमंडळें डळमळतील, असें कित्येकांचें म्हणणें आहे. ही भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु मतदारसंघ एक व जागा एक ठेवूनही मतदारास पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती नोंदवितां येते. आमच्या घटनेनें राष्ट्रपतींच्या निवडणुकीस हीच पसंतीक्रमाची रीत लाविली आहे. आमदार-खासदारांस जी रीत समजते, ती त्यांस निवडून देणाऱ्यांस समजणार नाहीं, असें कोणत्या तोंडानें म्हणावें ?

मत हें मुखत्यारपत्र आहे, खरेदीखत नव्हे. मुखत्यार नेमतांना मालकाची इच्छा पुरतेपणीं विचारावी, एवढेंच आमचें मागणें आहे. पुढील निवडणुकींत जो उमेदवार दारीं येईल, त्यास वाचकांनीं हा प्रश्न अवश्य विचारावा.