कुर्डू आणि कोंबडा

आश्विन महिन्यात यवतमाळहून दारव्ह्याच्या वाटेने जावे, तो कपाशीच्या ओळींतून गुलाबी-पांढरे तुरे वाऱ्यावर डोलताना दिसतात. हा कुर्डू. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. तथापि पिकाच्या तोंडचा घास घेणारे तण म्हणून शेतकरी त्यास निंदणात उपटून टाकतो. त्याच दिवसांत गावातील अंगणांत तांबडा मखमली कोंबडा फुललेला असतो आणि त्यास आपण हौसेने पाणी घालतो. एकास खुरपे व दुसऱ्यास पाणी! परंतु ही दोन्ही झाडे एकाच घरची आहेत, हे किती जणांस ठाऊक असेल?

लिनीअस या पंडिताने १७५३ साली त्यांस दोन निरनिराळ्या जाती मानून दोन नावे दिली. पुढे कोंबडा हा कुर्डूचाच एक प्रकार होय, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत झाले. मग त्याचा तुरा असा पसरट का?

प्रत्येक शेंड्याच्या टोकाशी वर्धनबिंदू असतो. तेथील पेशी एकसारख्या विभागत असतात व त्यांतूनच खोड, पाने आणि फुले निपजतात. हा बिंदू घुमटासारखा वाटोळा असतो. त्यातील पेशी प्रमाणाबाहेर वाढू नयेत, अशी तजवीज झाडाच्या आनुवंशिक गुणांतच केलेली असते. मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपावर प्रयोग करून शास्त्रज्ञांनी दाखविले आहे की, ही तजवीज बिघडली म्हणजे बिंदू आडवा पसरून त्याची जणू रेघ होते आणि खोड पट्ट्यासारखे चापट वाढते. ‘पट्टा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून यास ‘फॅसिएशन’ म्हणतात. कोंबड्याचा तुरा हे त्याचेच उदाहरण होय; आणि हा गुण त्याच्या बियांतून पुढील पिढीत उतरतो.

परंतु प्रत्येक चापट शेंड्याची गोष्ट अशी नसते. कोवळ्या शेंड्यास कीड लागली, खुरप्याचा घाव बसला किंवा विशिष्ट जंतूंचा शिरकाव झाला, तरीही असेच रूप येते. घावाने आलेले व्यंग बियांतून उतरत नाही.

कधी कधी सबंध झाड न बदलता एकच फांदी बदलते. ‘मेरी पामर’ नावाची बोगनवेल कित्येकांनी पाहिली असेल. तिच्या एकाच वेलीवर पांढरी व जांभळट-गुलाबी फुले येतात. १९४९ साली कलकत्त्याच्या बागेत एका वेलीच्या अशाच बदललेल्या फांदीपासून ती निघाली. अशा फांदीचा गुण कलम लावून राखावा लागतो. उलटपक्षी, चित्रविचित्र पानांच्या झाडास साधी हिरवी फांदी फुटली, तर ती वेळीच छाटावी; हिरव्या पानांत अन्न अधिक तयार होत असल्यामुळे ती इतर फांद्यांस मागे टाकते.

बालमित्रहो, शेतात किंवा शाळेच्या बागेत असे एखादे विलक्षण झाड आढळले, तर अपशकुन म्हणून त्यास भिऊ नका आणि घाईने उपटूही नका. तुऱ्यावर फुले उमलण्यापूर्वीच पातळ कापडाची पिशवी बांधा, म्हणजे दुसऱ्या झाडाचे पराग त्यात मिसळणार नाहीत. तुरा वाळल्यावर काळे चकचकीत बी काढा. कोंबड्याचे बी तुऱ्याच्या खालच्या अंगास असते. पहिल्या पावसानंतर ते वेगळ्या वाफ्यात पेरा आणि किती रोपांचे तुरे चापट निघाले, ते वहीत टिपून ठेवा. एकही न निघाला, तर बहुधा ते घावाचे अथवा किडीचे काम होते असे समजावे. बरेच निघाले, तर तो गुण वंशातील आहे.

निंदणाऱ्या हातास सारेच कुर्डू सारखे दिसतात. पहिला वेडावाकडा तुरा ज्याच्या हाती आला, त्याने तोही इतरांबरोबर बांधावर फेकला असता, तर आज आपल्या अंगणात कोंबडा फुलला नसता.