घर बंद, छत्री चालू

चातुर्मासाचे ठिकाण निश्चित झाले की कोल्हापूर परिसरातील अनेक श्रावक कुटुंबे मुनिसंघाच्या सान्निध्यात चौका लावण्यासाठी महिना-दोन महिने परगावी मुक्कामास जातात. शिधा, भांडी, पाण्याचे गाळणे यांची यादी होते. पेढी दिवाणजींच्या हाती सोपवली जाते. गच्चीवरील डिश टीव्हीच्या छत्रीचा विचार मात्र क्वचितच होतो.

वृद्ध मंडळींना प्रवचनाच्या वाहिनीची सवय असते. त्यामुळे ‘घरचा बॉक्स बरोबर न्यावा का?’ असा प्रश्न निघतो. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाचे प्रक्षेपण देशभर पोहोचते. परंतु बॉक्सला छत्री लागते आणि छत्रीची दिशा गावागणिक बदलते. 83 अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहासाठी कोल्हापुरात छत्रीचे तोंड दक्षिणेकडून थोडे पूर्वेला ठेवावे लागते. सम्मेदशिखरजीला तेच किंचित पश्चिमेला वळवावे लागते. अंशभर चूक झाली तरी चित्र नाहीसे होऊ शकते. शिवाय जोडणी नोंदलेल्या पत्त्यावर दिलेली असते. स्थलांतर कंपनीमार्फतच करावे. थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी हा खटाटोप परवडत नाही. कंपनीचे मोबाईल ॲप असल्यास आपल्या पॅकमधील कोणत्या वाहिन्या त्यावर दिसतात, हे निघण्यापूर्वीच तपासावे. नोंदणीकृत क्रमांकाचा फोन मात्र बरोबर हवा. संकेतांक त्यावरच येतो.

खरा प्रश्न बंद घराच्या खर्चाचा आहे. कुलूप लागले तरी आगाऊ भरलेली रक्कम खर्ची पडतच राहते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांत यावर उपाय आहे. ग्राहकाने 15 दिवस आधी विनंती केल्यास पूर्ण महिन्यांच्या हिशेबाने सेवा तात्पुरती स्थगित ठेवता येते आणि त्या काळाची वर्गणी आकारता येत नाही. बॉक्स भाड्याचा असेल तर त्याचे भाडे आणि सेवा पुन्हा सुरू करण्याचे अल्प शुल्क एवढेच द्यावे लागू शकते. विनंतीचा नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवावा. परतल्यावर हिशेब तपासताना तोच पुरावा ठरतो.

रक्कम लहान आहे, हे खरे. पण जे वापरात नाही त्याचे पैसे चालू ठेवणे व्यापाऱ्याच्या शिस्तीत बसत नाही आणि श्रावकाच्याही नाही. बारा व्रतांत भोगोपभोग-परिमाण सांगितले आहे. भोजन एकदाच भोगले जाते. वस्त्र, अलंकार पुनःपुन्हा, म्हणून ते उपभोग. दूरदर्शनही त्यातच मोडते. 1 फेब्रुवारी 2019 पासून वाहिन्या निवडून तेवढ्यांचेच मूल्य देण्याची पद्धत लागू झाली. म्हणजे मर्यादा ठरवण्याचे साधन कायद्यानेच आपल्या हाती दिले आहे. चार महिन्यांसाठी हिरव्या भाज्यांचा त्याग करणाऱ्या घराने वाहिन्यांचेही परिमाण करावे. यंदा चौक्याच्या सामानाची यादी कराल, तेव्हा स्थगितीच्या विनंतीची तारीख त्यात सर्वांत वर लिहावी.